साळूआत्याची रिकामी बादली

बेलापूरची माझी साळूआत्या चाळीस वर्षं पहाटे चारला उठून धारा काढत आली. आता मशीन आलंय. सून स्नेहल म्हणते, "आत्याबाई, सहापर्यंत झोपा की!" तरी परवा चारलाच ती गोठ्यात गायीशेजारी चहा घेत बसलेली.

"आत्या, लवकर उठून खरंच जास्त काम होतं का गं?"

"कसलं काम! धारा पाचलाच उरकायच्या. पन घरात गेलं की सासू दळन पुढ्यात टाकायची. मग धारा चालूच हायत असं तिला वाटावं म्हनून मी रिकामी बादली वाजवत हितंच बसायची. दिवसातला तेवढाच येळ माजा हुता, बाय."

तिनं मला बशीत चहा ओतला. इतक्यात स्नेहलच्या खोलीतला दिवा लागला. आत्याच्या सासूला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिनं पटकन बादली वाजवली.