बाईंची सही

माझ्या नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या वर्षीची, हे बायकोला विचारावं लागतं. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात मला अभिमान वाटावा असं काही नाही, हे आधीच सांगतो.

न्यू जर्सीत, पार्सिपनीजवळच्या एका छोट्या टाउनशिपच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथे आलो, इथेच भरती झालो आणि इथेच निवृत्त झालो. खात्यात भारतीय मी एकटाच. त्यामुळे कुणा देशी माणसाचा फोन आला की डेस्कवरचा सार्जंट सरळ मला जोडून द्यायचा, मग बोलणारा तेलुगू असो की पंजाबी.

२००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतरची ती वर्षं. आपले लोक पोलिसांशी बोलायला कचरत. स्टुडंट व्हिसावरची मुलं तर जास्तच. म्हणून एका सकाळी, रोल कॉल नुकताच संपला असताना, एका मुलीने स्वतःहून फोन केला तेव्हा मला नवल वाटलं. तिने नाव सांगितलं नाही.

"तुम्ही मराठी आहात ना? आमच्या सफारी ग्रुपमधल्या एक मावशी गेल्या. सगळे म्हणतात, त्या रूल्स तोडून बाहेर गेल्या. पण सर, रूल्स कुणी सांगितलेच नव्हते."

त्या बाई कोण हे मला माहीत होतं. आमच्या भागात सगळ्यांनाच माहीत होतं. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, वय साठच्या पुढे. मुलाकडे राहायला आल्या होत्या. आयुष्यभर मुलांना प्राणिशास्त्र शिकवलं, पण मोकळा हत्ती कधी पाहिला नव्हता. मुलाने आईला आफ्रिकेच्या सफारीला नेलं. आमच्याकडचे एक गृहस्थ अशा सहली काढत. सगळे त्यांना काकाच म्हणत. चौदा जणांचा ग्रुप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणघोड्याने बाईंना मारलं. इथे शोकसभा झाली. त्या सभेत काकांनी सांगितलं की, बाईंना फार उत्साह, वारंवार बजावूनही त्या एकट्या नदीकडे गेल्या. लोकांनी माना डोलावल्या.

फोन करणारी मुलगी पुण्याची होती, जवळच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. स्टेशनात यायला तयार नव्हती. एका कॉफी शॉपमध्ये भेटली. कॉफी घेतली आणि प्यायली नाही. बाई आणि ती एकाच तंबूत राहत होत्या.

"ब्रोशरमध्ये लॉज होतं. पक्क्या खोल्या, भोवती फेन्स," ती म्हणाली. "तिथे पोचल्यावर कळलं, नदीकाठी तंबू आहेत. फेन्सच नाही. काका म्हणाले, हेच तर ऑथेंटिक. तंबूत खांबाला एक शिट्टी टांगलेली होती. आम्ही त्यावर टॉवेल वाळत घातला."

"शिट्टी कशासाठी होती?"

"बाहेर पडायचं असेल तर वाजवायची. मग गार्ड येऊन घेऊन जातो. हे मला मावशी गेल्यानंतर कळलं." तिने कप दूर सारला. "त्या पाच वाजता उठायच्या. मला म्हणाल्या, येतेस का गं फिरायला? मी म्हटलं, मावशी, पाच मिनिटं झोपू द्या ना."

पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात आणि उजाडायच्या सुमारास पाण्यात परततात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला की संपलं. हे मला नंतर वाचून कळलं. बाई शिकवत होत्या प्राणिशास्त्रच, पण शाळेच्या पुस्तकात पाणघोड्याला दोन ओळी असतात.

ती इतके दिवस गप्प का होती, तेही तिने सांगितलं. परतीच्या विमानात काका तिच्या शेजारी येऊन बसले होते. पोलिसांच्या लफड्यात नाव आलं तर व्हिसाचं काय होईल सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. धमकी म्हणता येणार नाही असं वाक्य होतं ते. काळजीच्या सुरात म्हटलेलं.

मृत्यू परदेशात झालेला, त्यामुळे तो आमच्या हद्दीत येत नव्हता. पण सहल आमच्या हद्दीत विकली गेली होती. लेफ्टनंटनी एवढ्यावर प्राथमिक चौकशीची परवानगी दिली. मी कॅम्पच्या ऑफिसला पत्र पाठवलं. दोन आठवड्यांनी फॅक्स आला. एक नियमांचा कागद, आणि सोबत चौदा फॉर्म. प्रत्येक फॉर्मवर छापलेलं होतं की कॅम्पला कुंपण नाही, जंगली जनावरं तंबूंमधून फिरतात, अंधारात आणि पहाटे गार्डशिवाय बाहेर पडू नये, हे सर्व मी वाचलं आहे. खाली सही. मॅनेजरने लिहिलं होतं की पोचल्यावर तो स्वतः सूचना देणार होता, पण ग्रुपच्या प्रमुखाने सांगितलं, लोक थकलेत, सगळ्यांनी आधीच वाचून सह्या केल्या आहेत.

फॉर्म घेऊन मी बाईंच्या मुलाकडे गेलो. तो आयटीत होता, पस्तिशीचा. बोलताना आवाज चढत होता.

"आई कधी कुणाचं ऐकायचीच नाही," तो म्हणाला. "I told her. काकांनी सांगितलं. काय करणार?"

मी त्याच्या आईचा पासपोर्ट मागितला. पासपोर्टवर बाईंची सही मराठीत होती. गोल, वळणदार, फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर. फॉर्मवरची सही इंग्रजी होती. मी दोन्ही त्याच्या पुढे ठेवल्या. त्याने फॉर्म हातात घेतला आणि लगेच परत दिला. आपल्या आईच्या नावाची खोटी सही समोर आली तर माणूस ती निरखून बघतो. याने बघितली नाही. मी ते टिपून घेतलं आणि पुढे 'धक्क्यात' असं लिहिलं. ती माझी चूक.

मुलीने तिच्या नावाचा फॉर्म पाहिला आणि म्हणाली, ही सही माझी नाही. आता माझ्या हातात दुसऱ्याच्या नावाने सही करण्याचा गुन्हा होता, आणि तो आमच्या टाउनशिपमध्ये घडला होता.

काका बोलावल्यावर स्वतःहून आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. डबा मी डेस्कवर ठेवायला लावला. गप्प राहण्याचा हक्क, वकिलाचा हक्क, सगळं वाचून दाखवलं, सही घेतली. त्यांनी वकील नको म्हटलं. चौकशीच्या खोलीत मी त्यांना काका म्हणायचं टाळत होतो, पण ते तोंडात यायचंच.

पहिला तासभर मी लॉजबद्दल विचारलं. बुकिंग हुकलं, ऐनवेळी तंबूच मिळाले, इथपर्यंत ते सहज आले. अशी माणसं छोटी चूक कबूल करून मोठी झाकतात. त्यांना बोलू द्यायचं. मग मी चौदा फॉर्म टेबलावर ओळीने मांडले. सह्यांमध्ये जिथे जिथे इंग्रजी 'एस' होता, तिथे त्याचं शेपूट सारखं होतं.

त्यांनी एक फॉर्म उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "हे वाचून कोण आलं असतं हो? आपल्या लोकांना मी ओळखतो. सगळ्यांनी कॅन्सल केलं असतं. मी पाच ग्रुप नेले आधी. कुणाला ओरखडा आला नाही."

"म्हणजे बाईंची सहीसुद्धा तुम्हीच केलीत."

"केली. पण ती मला सांगून करवून घेतली." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "बाकीच्यांना मी फॉर्म दाखवलाच नाही. पण तिच्या मुलाला संशय आला, त्याने मागून घेतला. वाचलाही. तुम्ही त्यालाच विचारा."

त्यांनी परवानगी दिली म्हणून आम्ही त्यांचा कॉम्प्युटर तपासला. मुलाची ईमेल सापडली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं. काका, आईला हा फॉर्म दाखवू नका. ती घाबरून येणारच नाही. तुम्हीच तिची साइन करून टाका, मी आहे ना बरोबर.

तपासात धागा लागला की आम्हाला आतून एक ऊब येते. त्या दिवशी ती आली नाही. मी ईमेलचा प्रिंट घडी करून खिशात ठेवला आणि गाडीत बसून राहिलो.

मुलाला मी स्टेशनात बोलावलं नाही, घरी गेलो. त्याने प्रिंट वाचला. नाकारलं नाही.

"तिला हत्ती बघायचे होते," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून ती कशालाच हो म्हणत नव्हती. पहिल्यांदा हो म्हणाली होती."

"तिथे गेल्यावर तरी सांगायचं होतं."

"सांगणार होतो. पहिल्या दिवशी ती इतकी खूश होती... म्हटलं उद्या. मग म्हटलं, ती काय पाचला उठून एकटी जाणार आहे?" त्याने प्रिंट खाली ठेवला. "ती रोज पाचलाच उठायची. माझ्या लहानपणापासून."

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी निघालो तरी वळला नाही. महिनाभर तो सगळ्यांना सांगत होता की आई ऐकायची नाही. आता मला कळलं, ते तो आमच्यासाठी सांगत नव्हता.

प्रकरण काउंटीच्या सरकारी वकिलांकडे गेलं. त्यांनी तासाभरात कागद चाळले. बाईंच्या सहीला घरच्याची संमती होती, म्हणून तो भाग ज्यूरीपुढे टिकणार नाही, असं त्यांचं मत पडलं. ग्रुपमधल्या इतरांना मी एकेक करून भेटलो. सही केली असेल बहुतेक, आठवत नाही, असं सगळे म्हणाले. काकांनी कुणाला एअरपोर्टवरून आणलं होतं, कुणाला भाड्याचं घर शोधून दिलं होतं. उरली एकटी ती मुलगी. कोर्टात उभी राहिलीस तरी व्हिसाला धक्का लागणार नाही, हे मी तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिच्या रूममेटने सांगितलं की ती अभ्यास सोडून पुण्याला परत गेली. रोज पहाटे पाचला दचकून उठायची म्हणे. ईमेलबद्दल मी तिला सांगू शकलो नव्हतो, कारण स्वतःशी संबंध नसलेला पुरावा चालू तपासात साक्षीदाराला दाखवायचा नसतो. बाईंना एकटं जाऊ दिलं ते आपण, असंच ती धरून गेली.

साक्षीदार नाही, आणि नुसत्या कबुलीवर केस उभी राहत नाही, म्हणून ती बंद झाली. काकांनी घर विकलं आणि टेक्सासमधल्या अर्विंगला गेले. दोनेक वर्षांनी तिथल्या एका ओळखीच्याने सांगितलं की देशी किराणा दुकानाच्या काचेवर त्यांचा कागद लागलाय, आफ्रिकेच्या सफारीचा, फक्त कंपनीचं नाव वेगळं. मी तिथल्या पोलिसांना कळवलं. त्यांनी आभार मानले. जाहिरात लावणं हा गुन्हा नाही.

मुलगा नोकरी बदलून रेडमंडला गेला. पुढचं माहीत नाही.

फाइल बंद झाल्यावर थोड्याच दिवसांनी नागपूरहून फोन आला. बाईंची धाकटी बहीण. माझा नंबर तिने कुठून मिळवला कोण जाणे.

"साहेब, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "भाचा सांगतो, ताई नियम मोडून गेली. माझी ताई रस्ता ओलांडतानासुद्धा आधी सिग्नल बघायची हो. ती खरंच अशी वागली का?"

उत्तर माझ्या समोर होतं. केस बंद होती, सांगायला हरकत नव्हती. पण ताईला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हटलं असतं तर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, कुणी सांगितलं नाही? आणि ताईच्या मागे तिला रक्ताचा म्हणावा असा तो एकच भाचा उरला होता.

"अपघात होता, मावशी," मी म्हणालो. "अशा ठिकाणी माणसाला भान राहत नाही."

 ती हळू आवाजात, "असेल बाई," म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, अशी माझी समजूत होती आणि तिच्या जोरावर मी पंचवीस वर्षं नोकरी केली. त्या प्रकरणात कुणी भीतीपोटी खोटं बोललं, कुणी उपकाराखातर, कुणी मायेपोटी. मी सगळ्यांचं खोटं उघडं पाडलं. आणि शेवटी ज्या एका माणसाला खरं हवं होतं, तिच्याशी मीही खोटंच बोललो. एका शिस्तीच्या बाईला तिच्या सख्ख्या बहिणीच्या मनात मी बेशिस्त ठरवून टाकलं. ती बहीणही आता नाही. दुरुस्त करायला कुणी उरलेलं नाही.