बांधावरचं सफरचंद

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. आणि तरीही कळमनुरी तालुक्यात सफरचंद लावायची छाती झाली ती त्यांचीच. विजेला ते भीत, पालीला भीत, एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसायला भीत. पण सगळ्यांत जास्त भीती त्यांना आपल्याच काळ्या रानाची. उन्हाळ्यात भेगा पडल्या की एका भेगेत गुडघ्यापर्यंत पाय घालून म्हणत, "बघा जावईबापू, इथं मुळाचं काय व्हईल!"

म्हणून कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या कोणत्या मुळाच्या झाडावर, बांधलेलं असावं, या विचारात त्यांनी दोन वर्षं काढली. बुटक्या खुंटाची मुळं वरवरची, ती जळतील. एकशेअकरा नंबरचा खुंट दांडगा, मुळं खोल, तो आपल्या उन्हाला टिकेल, असं ठरलं. तरी धीर होईना, म्हणून दोन्हींची पाच-पाच रोपं मागवायची. नव्वदीच्या दशकात मी कामानिमित्त हिमाचलला गेलो, तेव्हा ही जोखीम माझ्यावर आली. "मुळं सुकली तर मी खलास," असं त्यांनी इतक्यांदा बजावलं होतं, की मी प्रत्येक मोठ्या स्टेशनवर गोणपाट भिजवत आलो. नांदेडला उघडून पाहिलं, तर खुंटाचं नाव लिहून रोपांना बांधलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा. दहाही काड्या सारख्याच. घाबरून मी अंदाजानं नव्या चिठ्ठ्या बांधल्या आणि गप्प बसलो.

एकशेअकरा समजून लावलेल्या रोपांना विहिरीजवळची जागा मिळाली. वैशाखात मामा त्यांच्यावर छत्री धरून उभे राहत. मामी म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात एवढं उभं ऱ्हायले असते तर!" बुटकी ठरलेली बांधावर, रामभरोसे. तीन उन्हाळ्यांत विहिरीजवळची पाचही गेली. बांधावरचं एक तेवढं जगलं. "माझंच चुकलं, सावली कमी पडली," मामा म्हणत. त्यांना घास उतरेना. मी मान खाली घालून भाकरी मोडत असे.

सहा वर्षांनी त्याच बांधावर मी सारं सांगून टाकलं. जगलेलं झाड एकशेअकराच असणार, हेही सांगितलं. झाडाकडं पाहून मामांचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला ओढून कानाशी म्हणाले, "हळू बोला! इतकी सालं बुटकं म्हणून जगलंय. त्याला कळू देऊ नका, घाबरंल."

मामा आता नाहीत. झाडाला लिंबाएवढी पाच-सहा फळं धरतात, आंबटढाण. जातो तेव्हा मी त्यांची छत्री नेतो, पण उघडत नाही. आणि काही बोलायचं झालंच, तर बांध उतरून लांब जाऊन बोलतो.