सहा केप आणि वॉर्ड सातची चादर

माझ्या आत्याला स्वस्थ बसता येत नाही. जेवताना तीनदा उठते, खुर्चीत टेकली तरी एक पाय हलतच असतो. फक्त एका सिनेमापुढे ती गप बसते. सहा अर्धवट महावीरांचा तो सिनेमा. एकाला उडता येतं पण उंचीची भीती, एक अदृश्य होते पण उचकी लागली की दिसते, आणि एक खडूस म्हातारी आख्खी बस उचलते आणि उचलता उचलता बाकीच्यांना फैलावर घेते. आत्याने तो अकरा वेळा पाहिलाय. गोष्ट ऐकून ऐकून माझे कान किटले.

"अगं, ही आमचीच लाँड्री आहे," ती म्हणते.

इस्पितळाच्या लाँड्रीत त्या सहाजणी. दोघी इस्त्रीच्या तापलेल्या रुळात चादरी सारतात, दोघी पलीकडे घड्या घालतात, दोघी गठ्ठे बांधतात. घड्या घालणाऱ्या म्हणजे आत्या आणि कडकबाई. एकोणीस वर्षं समोरासमोर, दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. बघावंही लागत नाही.

दुसरा भाग शुक्रवारी लागणार होता आणि सोमवारपासून लाँड्रीच बंद. कपडे बाहेर धुवायला जाणार, सहाजणी सहा ठिकाणी. सहाही जणींनी एका रांगेत बसून सिनेमा बघायचा, हे आत्याने डोक्यात घेतलं. बाद चादरी रंगवून तिने सिनेमातल्यासारख्या, गळ्याशी बांधून पाठीवर सोडायच्या सहा केप शिवल्या. रंग बसलाच नाही, फिकट गुलाबी झाल्या. पाचजणी तयार झाल्या. कडकबाई मात्र अडून बसली.

शुक्रवारी चार वाजता मी त्यांना न्यायला गेले, तेव्हा केप रुळातून बाहेर येत होत्या आणि आत्या-कडकबाईची जुंपली होती.

"असल्या पोरकटपणाला मी येणार नाही."

"म्हातारी तूच आहेस, तुझ्याशिवाय कसं होईल?"

"म्हातारी असशील तू!"

"सोमवारनंतर कुठे भेटणार आहेस मला?"

"आणि भेटून काय दिवे लावणार आहोत?"

तोंडं चालू, हातही चालू. भांडण थांबलं तेव्हा टेबल रिकामं होतं. दोघींनी कोपऱ्याला कोपरा लावून केपच्याही घड्या घातल्या होत्या, आणि चादरींबरोबर गाडीवरून त्या वर वॉर्डांत गेल्या होत्या!

आत्याने लिफ्टची वाट पाहिली नाही. जिन्यावरून ती पुढे, धापा टाकत मी मागे. कपाटं उपसली, नर्सबाईंची बोलणी खाल्ली. "किती वाजले?" हे तिने मला दर मिनिटाला विचारलं. पाच केप सापडल्या. सहावी वॉर्ड पाचमध्ये, एका आजोबांच्या अंगावर. हनुवटीपर्यंत ओढून ते गाढ झोपले होते. आत्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"जाऊ दे," ती म्हणाली, "कडकबाई कुठे येणार होती म्हणा." तिचे डोळे भरले होते. मला कडकबाईचा खरोखर संताप आला.

खाली आलो तर कडकबाई दारात उभी. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी.

"माझी कुठंय?"

मीच सांगितलं. कडकबाईने तोंड वाकडं केलं, गठ्ठ्यातली एक पांढरी चादर ओढली आणि गळ्याशी गाठ मारली. पाठीवर हा एवढा शिक्का, वॉर्ड ७.

"उद्या आणून ठेवीन. चला, उशीर होतोय."

थिएटरात मी त्यांच्या मागच्या रांगेत बसले. लोक खदाखदा हसत होते, आमच्या चौघीही. आत्याचा पाय मात्र हलायचा थांबेना. अकरा वेळा डोळ्यांची पापणी न लववता पाहणारी बाई आज पडद्यापेक्षा शेजारीच जास्त बघत होती. कडकबाई सगळा वेळ कपाळाला आठ्या घालून बसली. म्हातारीने आख्खा पूल डोक्यावर घेतला आणि "माझ्याशिवाय तुमचं पानही हलत नाही" म्हणून कडाडली, तेव्हा कडकबाईला हसू फुटलं. ते तिने चादरीत दाबलं.

दिवे लागले. कडकबाईने गाठ सोडली. आत्याने दोन टोकं धरली. खुर्च्यांमधल्या वाटेत दोघी एकमेकींकडे चालत आल्या, मागे सरल्या, पुन्हा आल्या. घडी पूर्ण झाली. एरवी इथे आत्या सोडते आणि कडकबाई घडी गठ्ठ्यावर ठेवते.

"सोड की," कडकबाई म्हणाली.

"तू सोड."

झाडू घेतलेला माणूस वाटेच्या टोकाशी येऊन थांबला. दोघींपैकी कोणीच सोडेना.