दुधातल्या दशम्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आत्याचं नाव घेतो. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी, पुसेगावला, परतली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेलो तो तिच्या हट्टामुळे. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की ती देवळात जाऊन पुजाऱ्याकडून वाचून घ्यायची. तिची एक म्हैस होती आणि तिचं दूध ती बाजारातल्या हॉटेलात घालत असे.

हिंगोलीच्या शाळेतून आमच्या गावचे आम्ही तिघं एकाच वर्षी मॅट्रिक झालो. एक पुजाऱ्याचा मुलगा, एक कापडाच्या मुसलमान व्यापाऱ्याचा आणि मी. लढाईची वर्षं होती. पुढचं शिक्षण हैदराबादला. पहाटे बैलगाडीनं हिंगोली, तिथून आगगाडी, पूर्णेला गाडी बदलायची आणि दुसऱ्या दिवशी हैदराबाद.

पुजाऱ्याच्या मुलाला आई नव्हती. हैदराबादला तो नातेवाइकांकडे जेवायचा. वडिलांनी कॉलेजला पाठवताना एकच अट घातली होती, वाटेत परक्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. त्यांना स्वतःला भात-वरणापलीकडे काही करता येत नसे, आणि भात काही वाटेत नेता येत नाही. म्हणून त्याच्या पिशवीत लाह्या आणि गूळ असायचा. पहिल्या खेपेला मी माझी भाकरी आणि व्यापाऱ्याच्या मुलानं त्याच्या रोट्या दुसऱ्या बाकावर जाऊन खाल्ल्या. त्याच्यासमोर खाववेना. हैदराबादला उतरताना तो चक्कर येऊन फलाटावर पडला आणि त्याची हनुवटी फुटली.

दिवाळीत त्याच्या वडिलांनी ती खूण पाहिली, विचारलं, आणि त्याचं कॉलेज बंद केलं. मी हे आत्याला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी मला घेऊन देवळात गेली आणि पायरीखाली उभी राहिली.

"महाराज, पोराला काहून घरी बसवून राहिले?"

"बाई, वाटेत उपाशी मरतंय ते. आन् कुणाच्या हातचं खाल्लं तर बाट लागते. मी करू काय?"

"दुधातली दशमी बी चालत न्हाई का तुमाला?"

पाण्याचा थेंब न लावता दुधात पीठ भिजवून केलेली दशमी परक्या हातची असली तरी प्रवासात चालते, असा त्या लोकांचा रिवाज होता. आत्याला तो ठाऊक होता.

"चालते. करणार कोण पण?"

"मी करते."

"पाणी लागलं न्हाई हे मला कसं कळावं?"

"म्हैस तुमच्या दारात आणून पिळते. पीठ बी इथंच भिजवते. बसा समोर."

पुजारीबुवा हसले. "म्हैस नका आणू देवळात. तुमी म्हणता ना, झालं."

"पण एकट्यासाठी न्हाई करायची मी. तिघांच्या करीन. एकानं खायचं आन् दोघांनी तोंडाकडं बघायचं, असं लेकरांचं जेवण नसतंय."

 चार दिवसांनी पुजाऱ्याचा मुलगा आमच्याबरोबर गाडीत बसला.

पूर्णेच्या फलाटावर आम्ही धोतराच्या फडक्यातली शिदोरी सोडली. ज्वारीच्या दशम्या होत्या, किंचित गोड, आणि कारळाची कोरडी चटणी. पहिली दशमी पुजाऱ्याच्या मुलानं उचलायची, मग आम्ही हात लावायचा, असं ठरलं. तो हातभर अंतरावर बसला. व्यापाऱ्याच्या मुलानं घरून केळी आणि शेंगा आणल्या होत्या.

"सालीतलं चालतंय का रे महाराज?"

"सालीतलं चालतं. साल मात्र मीच काढणार."

"बराबर. मग माझ्या बी शेंगा सोलून दे."

त्यानं खरंच सोलून दिल्या.

पुढे प्रत्येक खेपेला हेच जेवण झालं. सुट्टीहून निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात दूध जात नसे. पहिली दशमी कुणी उचलायची, हा नियम कधी सुटला हे मला सांगता येत नाही. शेवटच्या वर्षी तो आमच्यामध्येच बसत होता, एवढं आठवतं.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा तिघंही हैदराबादला होतो, तिघंही पास. मी आत्याला पत्र लिहायला बसलो. पुजाऱ्याचा मुलगा शेजारी होता. जेवणाचं वाक्य त्यानं मला सांगून लिहायला लावलं.

"तुझेच वडील वाचतील हे," मी म्हणालो.

"म्हणून तर लिही."

मी लिहिलं ते असं:

"आत्या, पाया पडतो. आम्ही तिघं पास झालो. तुझ्यामुळं मी शिकलो, आणि तुझ्यामुळं एकाचं शिक्षण थांबता थांबता राहिलं, हे तो स्वतः म्हणतो. शनिवारी गावी येतो. त्या दिवशी तिघांचं जेवण आपल्या घरी कर. भाकरी रोजच्यासारखी पाण्यातच भिजव. तो आमच्या पंगतीला बसून खाणार आहे. हे त्यानंच लिहायला सांगितलं आहे, आणि पत्र कोण वाचणार हे त्याला माहीत आहे. वाचणाऱ्यांनाही माझा नमस्कार. दूध हॉटेलात जाऊ दे."