काकू पाणी खायला लागल्या

काकूंनी उभी हयात कोलकात्यात काढली, पण तोंडातून बंगालीचा एक शब्द काढला नाही. याचा त्यांना चक्क अभिमान होता. गार्डन रीचच्या बाजारात त्या भाजीवाल्याशी सरळ सातारी मराठीत बोलायच्या. "मेथी कालचीय रे, वर पाणी मारलंयस," असं सुनावलं की तो बिचारा मुकाट्यानं खालची जुडी काढून द्यायचा. शेवटी तो 'कोथिंबीर' म्हणायला शिकला. काकू काही 'धोनेपाता' म्हणायला शिकल्या नाहीत.

आमच्या क्वार्टर्समधल्या मराठी घरांत त्या पोळ्या करायच्या. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही बदलीनं आलेली आणि बदलीनं जाणारी माणसं. काकू आल्या त्या नवऱ्याच्या मागून, आणि नवरा एका साहेबांबरोबर आचारी म्हणून आलेला. पुढे साहेब बदलून गेले, नवरा वारला, मूलबाळ नव्हतंच. काकू मागच्या बस्तीतल्या एका खोलीत राहिल्या, त्या राहिल्याच.

बंगालीत मावशीला माशी म्हणतात. बस्तीतल्या पोरी त्यांना लाडानं 'माशी' अशी हाक मारायच्या आणि काकू ढिम्म ओ द्यायच्या नाहीत. "मी काय गुळावर बसते का?" असं आम्हाला विचारायच्या. पाण्याचंही तसंच. बंगाली माणूस पाणी पीत नाही, खातो. त्यांची भाषाच तशी. शेजारच्या रानूची आई "जोल खाबे?" म्हणून विचारायची, तर काकू आमच्या ओट्यापाशी पोळी उलटता उलटता तिची नक्कल करायच्या. "म्हटलं, चावून खाऊ का तसंच गिळू?" आम्ही पोट धरून हसायचो. त्यांच्यामुळे बंगाली न शिकायची आमचीही छान सोय झाली होती.

काकूंकडे नवऱ्याच्या वेळेपासूनचं, केंद्राच्या योजनेतलं रेशन कार्ड होतं. ते आधारला जोडायची वेळ आली, तेव्हा आधारवरचा पत्ता निघाला साताऱ्याचा; ते त्यांनी एकदा गावी गेल्या असताना काढलेलं. खोलीचा मालक कागद द्यायला तयार होईना. यजमान म्हणाले, आपला पत्ता द्या की, त्यात काय एवढं. दिला. किती सहज काम झालं आणि आपण किती चांगली माणसं, हे मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कौतुकानं सांगितलंसुद्धा. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

पुढे केंद्राच्या यादीची छाननी झाली. काकूंच्या पत्त्यावर इन्कम टॅक्स भरणारा सरकारी अधिकारी सापडला. म्हणजे आमचे यजमान. ते काकूंच्या घरचे कर्ते पुरुष ठरले आणि काकूंचं नाव उडालं. रेशन दुकानदार हिंदीत म्हणाला, तुमच्या घरात तर मोठे साहेब आहेत, तुम्हाला काय कमी? हे सांगताना काकू स्वतः हसत होत्या. मला हसू आलं नाही.

आम्ही खूप धावपळ केली, पण केंद्राचं रेशन पुन्हा सुरू होईना. मग कळलं की केंद्राच्या यादीतून सुटलेल्यांसाठी राज्य सरकार स्वतःच्या खर्चानं तांदूळ देतं. त्याचं वेगळं कार्ड असतं. ते काकूंना मिळालं. प्रमाण जरा कमी, पण दोन घासांची सोय झाली. माझा जीव भांड्यात पडला. आणि काकू ते कार्ड घेऊन दुकानात गेल्याच नाहीत.

आधी वाटलं, तब्येत बरी नसेल. मग खोदून विचारलं तेव्हा त्या हातातलं लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "केंद्राचं म्हणजे देशाचं. त्यात आमचा साताराही आला. हे बंगालनं आपल्या लेकरांसाठी बाजूला काढून ठेवलेलं. मी यांच्या भाषेला जन्मभर हसले. आता कुठल्या तोंडानं पिशवी पुढं करू?"

मी म्हटलं, मग आमच्या डब्यातला तांदूळ न्या. त्यांनी माझ्याकडे मायेनंच पाहिलं. "नेईन गं. पण तुमची बदली झाली की कुणाचं खाऊ?"

घरात तेव्हा बदलीचीच बोलणी चालू होती. मी कणीक मळायला घेतली, उगीचच.

त्या नेमक्या किती दिवस एकवेळ जेवत होत्या, मला ठाऊक नाही. विचारायला हवं होतं. एका सकाळी लाटता लाटता त्या ओट्याला टेकल्या आणि खाली बसल्या. तव्यावर पोळी टम्म फुगली होती, आमच्यासाठी. त्यांना धरून खोलीवर नेलं. रानूची आई दारातच उभी होती, हातात स्वतःची रेशनची पिशवी घेऊन. तिनं काकूंचा चेहरा पाहिला, मग खुंटीला अडकवलेली काकूंची रिकामी पिशवी पाहिली, आणि तिचा पारा चढला. पण बोलली एवढंच: "एतो बछोर जोल खेले, भात खाबे ना?"

इतकी वर्षं इथलं पाणी खाल्लंस, आता भात नाही खाणार?

मी काकूंना अर्थ सांगायला तोंड उघडलं. गरज नव्हती. त्यांना कळलं होतं. पहिल्यापासून सगळंच कळत असणार. पदरानं त्यांनी डोळे पुसले, खुंटीवरची पिशवी काढली आणि रानूच्या आईचा हात धरून दुकानाकडे निघाल्या. मला कुणी बरोबर ये म्हटलं नाही.

त्या दिवसापासून काकू बंगाली बोलायला लागल्या. "ज्यांचं खायचं त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायला नको?" म्हणायच्या. उच्चार सगळे साताऱ्याचे, आणि आवाज इतका मोठा की अख्ख्या बस्तीचा क्लास व्हावा. बाजारात त्यांनी ठसक्यात 'धोनेपाता' मागितला, तर भाजीवाल्यानं सवयीनं "कोथिंबीर, काकू" म्हणत जुडी दिली. आमच्या घरी मात्र आता नकला बंद झाल्या.

बदली झालीच. निरोप घ्यायला साडी घेऊन गेले, तर त्यांनी स्टीलचा पेला पुढं केला. "जोल खा गं," म्हणाल्या, थट्टा न करता. मी ते पाणी खाल्लं. आमच्या पत्त्यानं तुमचा घास गेला, हे त्यांच्यापाशी एकदा बोलून टाकायचं ठरवून गेले होते. पेला रिकामा झाला तरी ते शब्द काही बाहेर आले नाहीत.

पुण्याला आल्यावर काही महिन्यांनी रानूच्या आईच्या फोनवर फोन केला. पलीकडे बायकांचा गलका, भांड्यांचा आवाज. काकू फोनवर आल्या तशी मी घाईघाईनं सुरुवात केली, "काकू, आमच्या पत्त्यामुळं तुमचं..."

"काकू कोण इथं?" त्यांनी मला मध्येच तोडलं. आवाजात राग नव्हता. "काकू साहेबांच्या घरची. तिचं नाव उडालं. तू मला माशी म्हण."

मी माशी म्हटलं. त्यांनी लगेच ओ दिली, आणि माझं बोलायचं राहून गेलं.