गोपालच्या फोटोतला निळा

अकोल्यातल्या आमच्या प्रेसमध्ये सूर्यभानकाकांच्या सहीशिवाय रंगीत मशीन हलत नसे. प्रूफच्या कोपऱ्यात त्यांची सही पडली की मालक भगवंतरावसुद्धा तोंड उघडत नसत, आणि भगवंतरावांचं तोंड बंद असणं ही आमच्याकडे पाहुण्यांना दाखवण्यासारखी गोष्ट.

काकांची खासियत मॅपलिथो. चकचकीत आर्ट पेपरवर रंग कोणीही काढेल; हा वह्यांचा साधा, खरखरीत कागद शाई पितो. मशीनमधून जास्वंदीसारखा निघालेला लाल दुसऱ्या दिवशी विटेसारखा दिसतो. म्हणून काका प्रूफ त्याच कागदावर काढत, चिमट्याला लटकवून सुकू देत आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दारातल्या पायरीवर, ऊन चुकवून, बघत. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणत, "कागदाले पिऊ तं द्या. पेल्यावरच खरं बोलते तो." बत्तीस वर्षं हेच.

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर त्यांचा उजवा डोळा कायमचा गेला. डाव्यातही मोतीबिंदू होताच, पण त्याला ते कोणाला हात लावू देईनात. मी शेजारीच संगणकावर बसतो. माझ्या स्क्रीनला नाक टेकवून बघताना मी त्यांना पकडलं, तेव्हा म्हणाले, "मालकाले सांगशील तं पाय. कटिंगवर बसवतीन मले." कटिंग म्हणजे मागच्या खोलीत गठ्ठे कापणं. तिथे रंगाचं काम नाही.

मी कशाला सांगतो? मी फक्त चेष्टा करायचो.

जुलैत दर्यापूरकडच्या मनकर्णाबाई आल्या. त्यांचा गोपाल खंजिरीवर भजनं म्हणायचा. आदल्या वर्षी निंदणाच्या दिवसांत शेतात साप चावून गेला. वर्षश्राद्धाला त्याच्या भजनांची वही वाटायची होती, पहिल्या पानावर त्याचा रंगीत फोटो. भगवंतरावांनी आर्ट पेपर सुचवला. बाई म्हणाल्या, "नाही जी. त्याच्यावर पोरगं लग्नपत्रिकेतल्यावानी दिसीन. वहीचाच कागद पायजे, त्याच्या हातात राहे तसा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकांनी प्रूफ पायरीवर नेलं. मी मागून डोकावलो. गोपालच्या ओठांवर, डोळ्यांखाली निळसर झाक होती.

"काका, गोपालभाऊले थंडी वाजून राहिली का?"

काकांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला. "पावसाळा हाय," म्हणाले. "कागद अजून पिऊन राहिला. उद्यापर्यंत निळा बसते."

आणि त्यांनी सही केली.

निळा एकटा बसत नाही, बसले तर सगळेच रंग बसतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी चहा प्यायला गेलो.

दुपारी मनकर्णाबाई बघायला आल्या. पदराला हात पुसून त्यांनी प्रूफ घेतलं. रडल्या नाहीत.

"ओठ असेच झाले होते त्याचे," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात नेईपर्यंत. तुमाले कोनं सांगतलं?"

भगवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात मशीनच्या चुकीचं काहीतरी तयारच होतं. पण काका आधी बोलले.

"कोनं नाही सांगतलं, माय. मले निळा दिसतच नाही आता."

मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढून मशीनजवळ ठेवलं. "बसा. पोराचा रंग तुमी सांगा. मी शाईची चावी फिरवतो."

कागद सुकायला दिवस लागतो, म्हणून बाई दर्यापूरहून जीपनं आणखी दोनदा आल्या. दुसऱ्या प्रूफला म्हणाल्या, "हा लयच गोरा झाला, नवरदेव हाय का?" तिसरं प्रूफ त्यांनी पायरीवर बसून बघितलं. "खंजिरी वाजवून वाजवून घामेजला का असाच दिसे," म्हणाल्या. काकांनी पेन त्यांच्या हातात दिलं. प्रूफच्या कोपऱ्यात, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्याची सही पडली, वाकडीतिकडी.

भगवंतराव काकांना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त कटिंगच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर होती. माझ्यासमोर सहीचं पेन.

काकांकडे पहिलं काम आलं ते त्याच वह्यांचं. मी गठ्ठे घेऊन मागच्या खोलीत गेलो. काकांनी वरची वही उघडली आणि पहिल्या पानावरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"सुकला," म्हणाले, आणि गठ्ठा पात्याखाली सरकवला.