विस्टेरियाला घातलेला बर्फ

आमच्या चाकणच्या घरामागे विस्टेरियाची वेल आहे. तिला आजवर एकही फूल आलेलं नाही.

ती यांनी लावली. मुलगी तेव्हा एका जपानी कंपनीत दुभाषी होती. सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानला जाऊन आली आणि फोनमधला एक फोटो तिने वडिलांना दाखवला. मांडवावरून जांभळ्या फुलांचे हातहात लांब घोस लोंबतायत आणि खाली माणसं माना वर करून उभी. हे शेतकऱ्याच्या घरातले. कंपनीत वीस वर्षं काढली तरी मातीची ओढ सुटली नव्हती. "ही येल आपल्याकडं येईल का गं?" त्यांनी विचारलं. राजगुरुनगर रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याने हिमाचलहून रोप मागवून दिलं आणि बजावलं, "भाऊ, हिला कडक थंडी लागते. पानं येतील, फुलांचं मी सांगत नाही." बापलेकींनी मिळून खड्डा खणला, लोखंडी पाइपांचा मांडव उभा केला.

पुढच्या वर्षी ती नोकरीला कायमची तिकडे गेली. मग एकदा फोनवर तिने सांगितलं की तिथल्याच एका मुलाशी लग्न करतेय. यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तिला म्हणावं, परत फोन करू नको. आन् या घरात तिचं नाव काढायचं न्हाई."

नाव निघेनासं झालं. वेलीचं मात्र सगळं चालू राहिलं. थंडीच्या दिवसांत फर्स्ट शिफ्ट करून आले की फ्रीजरमधले बर्फाचे डबे काढायचे आणि बुंध्याशी ओतायचे. शेजारचे भाऊजी कुंपणावरून हसायचे, "राव, सरबत करताय काय तिचं?"

"थंडी लागती तिला," एवढंच हे म्हणायचे. मटार ठेवायला फ्रीजरमध्ये जागा उरायची नाही म्हणून मी करवादायची.

मुलगी मला दर रविवारी फोन करायची. यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी घरात मी एकटीच. यांना मी ते कधी कळू दिलं नाही. "अप्पा विचारतात का गं माझं?" ती म्हणायची. "थोडं थांब, त्यांचा राग उतरू दे," मी म्हणायची. असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

मागच्या जानेवारीत पानं झडलेल्या वेलीला बर्फ घालून झाल्यावर, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "फोनबिन येतो का कुणाचा?"

मला वाटलं, यांना संशय आलाय. मी घाबरून म्हणाले, "नाही. कुणाचा येणार?"

"व्हय. कोण करतंय," ते म्हणाले आणि रिकामे डबे घेऊन आत गेले.

मोरीत उभे राहून ते डबे विसळत होते. माझ्यापासून चार पावलांवर. तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. मी भाजी चिरत राहिले.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नसतील. कंपनीतून फोन आला, छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलंय. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

मुलगी तिसऱ्या दिवशी आली. तिला वडिलांचं तोंडही बघायला मिळालं नाही. दहावं झालं, पाहुणे पांगले, तेव्हा ती मागे मांडवाखाली बसली होती. मी शेजारी बसून तिला सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं. वाटलं होतं, ओरडेल, भांडेल.

"म्हणजे अप्पांना वाटलं, मी एकदाही फोन केला नाही."

"हो."

तिने मांडवाच्या पाइपावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आई, हे मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं गं."

दोन दिवसांनी ती गेली. आता महिन्या-दीड महिन्याने तिचा फोन येतो. तब्येत विचारते, गोळ्या वेळेवर घेतेस ना म्हणते, आणि मी आणखी काही बोलायच्या आत "चल, ठेवते" म्हणते. मी फोन कानाला तसाच धरून बसते.